तणमोराचे मेंटॉर

आपल्या कॅलेंडरात सीझन किती असतात, मोजलेत कधी? अप्रेझलचा सीझन, लग्नांचा सीझन, आयपीएलचा सीझन, आंब्यांचा सीझन. आम्हा वऱ्हाडी लोकांचा आणखी एक, हुरड्याचा. थंडी पडली की पुण्या-मुंबईत नोकरी करणारी अमरावती-अकोल्याची पोरं ट्रॅव्हल्सवाला मागेल तो भाव देऊन घरी पळतात, कुणाच्या तरी वावरात शेकोटीभोवती बसतात आणि सोमवारी डोळे चोळत ऑफिसात हजर होतात. हे सगळे सीझन आपल्याला पाठ आहेत. पण एक सीझन असा आहे, जो आपल्या पिढीने पाहिलेलाच नाही. शिकारीचा.

दचकू नका. या आठवड्याचा कॉलम बंदुकांच्या कौतुकाचा नाही. तो एका पक्ष्याचा आहे, आणि त्याला ओळखणाऱ्या माणसांचाही. पण सुरुवात जरा लांबून, थेट अमेरिकेतून करू या.

अमेरिकेत रानटी टर्की नावाचा पक्षी आहे. थँक्सगिव्हिंगच्या फोटोत भाजून ठेवलेली दिसते, तिची जंगलात राहणारी बहीण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती जवळजवळ संपली होती. मग तिथल्या राज्यांनी शिकारीवर कडक नियम घातले, उरलेले पक्षी जिवंत पकडून रिकाम्या झालेल्या जंगलांत नेऊन सोडले आणि त्यासाठीचा पैसा शिकाऱ्यांकडूनच वसूल केला. लायसन्सची फी आणि 1937 च्या एका कायद्याने बंदुका-काडतुसांवर बसवलेला कर, दोन्ही वन्यजीवांच्या कामाला जातात. 1973 च्या सुमारास तिथे 13 लाख टर्की होत्या. 2004 च्या आसपास त्या 67 लाखांवर गेल्या. सॉलिड सक्सेस स्टोरी!

पण स्टोरी तिथे संपली नाही. गेली पंधरा-वीस वर्षं अनेक राज्यांत हा पक्षी पुन्हा घटतोय आणि लोक तावातावाने भांडतायत. सीझन फार लवकर उघडतो का? मिलन पूर्ण व्हायच्या आतच दांडगे नर मारले जातात का? टेनेसी राज्याने 2023 मध्ये वसंतातला सीझन दोन आठवडे पुढे ढकलला आणि एका शिकाऱ्याला मिळणारे पक्षी तीनवरून दोनवर आणले. दुसरी बाजू म्हणते, तारखांचं काय घेऊन बसलात, अंडी खाणारे प्राणी वाढले आणि घरटी करायची झुडपं गेली, ते बघा.

मला या सगळ्यात जास्त इंटरेस्टिंग वाटली ती वेगळीच गोष्ट. अनेक राज्यांत मोठ्यांचा सीझन उघडण्याआधी एक वीकएण्ड मुलांसाठी राखून ठेवलेला असतो. मुलासोबत एक जाणता मोठा माणूस असावाच लागतो. त्याला ते मेंटॉर म्हणतात. हो, तोच शब्द, जो आपल्याला जॉइनिंगच्या दिवशी एचआरच्या मेलमध्ये दिसतो. हा मेंटॉर मुलाला गोळी झाडण्याच्या आधीच्या गोष्टी शिकवतो. झाडाला टेकून तासन् तास गप्प कसं बसायचं, मादीचा आवाज कसा काढायचा, नर-मादी कशी ओळखायची आणि बंदूक खाली कधी ठेवायची. मुलांना आधी सोडणंही बरोबर का, यावरही तिथे वाद आहेतच. पण एका मुद्द्यावर दोन्ही बाजूंचं एकमत दिसतं. पक्ष्याला ओळखणारी पुढची पिढी तयार झाली नाही, तर त्याच्यासाठी भांडायलाही कोणी उरणार नाही.

तुम्ही म्हणाल, बॉस, टर्कीचं आपल्याला काय? तर आता अमेरिकेतून परत या. शेगाव सोडा, अकोला सोडा, मूर्तिजापूरहून कारंज्याच्या रस्त्याला लागा. हा वाशीम जिल्हा, 1998 पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग. इथल्या माळांवर आणि गवताळ पडीत जमिनींवर पावसाळ्यात एक पाहुणा येतो. तणमोर.

नावात मोर आहे, पण आकार जेमतेम गावरान कोंबडीएवढा. माळढोकाच्या कुळातला सगळ्यात छोटा भाऊ. एरवी गवताच्या रंगाचा, कोणाच्या नजरेत न भरणारा. पाऊस पडला की नराचं रूप पालटतं. डोकं-मान काळीभोर होते, पंखावर पांढरा पट्टा उठून दिसतो आणि डोक्यामागे लांब पिसांची कलगी येते. मग हा गडी उडी मारतो. गुडघाभर गवतातून सरळ वर, माणसाच्या उंचीपर्यंत, पंखांचा खडखड आवाज करत, आणि धपकन् खाली. मादीने बघावं म्हणून. दिवसभरात अशा उड्या पाचशेपर्यंत जातात. आपल्याला पाचव्या मजल्यावर जिन्याने जायचं म्हटलं तर धाप लागते!

या उडीनेच त्याचा घात केला. ब्रिटिश साहेबांना पावसाळ्यात तणमोर टिपणं हा भारी स्पोर्ट वाटायचा. लपून बसणारा पक्षी स्वतःच गवतावर येऊन आपला पत्ता सांगतो म्हटल्यावर नेम धरायला असा कितीसा वेळ लागणार? म्हणजे ऐन विणीच्या हंगामातच शिकार. टेनेसीवाले आज ज्यावर भांडतायत, तोच प्रश्न. इंग्रजांनाही तो कळत होता. 1887 मध्ये आणि पुन्हा 1912 मध्ये त्यांनी पक्ष्यांसाठी कायदे केले, विणीचा काळ शिकारीला बंद ठेवण्याची कल्पना तिथूनच आपल्या कायद्यात आली.

स्वातंत्र्यानंतर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं, त्याच दिवशी शिकार बंद झाली. तसं नाही. मूळ कायद्यात शिकारीची लायसन्स होती. मोठ्या जनावरांसाठी वेगळं, छोट्या शिकारीसाठी वेगळं, आणि चक्क जाळ्या-फाशांनी पकडण्यासाठीही एक. सीझन बंद असण्याचा काळही होता. 1991 च्या दुरुस्तीने हे सगळं काढून टाकलं. तेव्हापासून आपल्याकडे शिकारीचा सीझन नाही. पिकांत घुसणाऱ्या रोही-रानडुकरांसाठी वनाधिकारी परवानगी देऊ शकतात, वऱ्हाडात ‘शिकार’ हा शब्द आज चर्चेत येतो तो बहुधा तेवढ्यापुरता. बाकी बारा महिने बंद.

छान झालं ना? मग तणमोर वाढायला हवे होते. आकडे बघा. 1999 मध्ये देशभरात साडेतीन हजारांच्या आसपास तणमोर असावेत असा अंदाज होता. 2018 च्या पाहणी अहवालात तो सातशेच्याही खाली आला. 2021 मध्ये जगाच्या यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली, म्हणजे नामशेष व्हायच्या अगदी अलीकडची पायरी. गंमत म्हणजे याच काळात मोर वाढले. माणसाच्या शेतात, गावात, सोसायटीच्या गच्चीवरही मोर राहू शकतो. तणमोराला गवतच लागतं.

आणि गवत कुठे आहे? वऱ्हाडातल्या कोणालाही ‘ई-क्लास’ म्हटलं की कळतं. गावाची चराईची सरकारी जमीन. सरकारच्या कागदावर ती पडीक, रिकामी, काही कामाची नसलेली. त्यामुळे शाळा, टाकी, सबस्टेशन, सोलर, जे काही आणायचं ते आधी ई-क्लासवर. उरलेल्यावर अतिक्रमण. त्यातून वाचलं त्यावर वृक्षारोपण! 2019 मध्ये राज्याने 33 कोटी झाडं लावायचं ठरवलं, तेव्हा आपण सगळ्यांनी खड्ड्याशेजारी उभं राहून फोटो काढले. माळावर झाड लावलं की माळ सुधारतो, असं आपल्याला शाळेपासून शिकवलंय. तणमोराच्या दृष्टीने मात्र ते हॉलच्या मधोमध कपाट उभं करण्यासारखं आहे. मोकळं गवत नसेल तर त्याची उडी मादीला दिसणार कशी? तो शेतातही घरटं करतो, पण जुन्या ज्वारीच्या जागी आता सोयाबीन आलं आणि सोबत फवारे आले. किडे मेले, पिल्लांचं खाणं गेलं. जमिनीवरच्या घरट्यातली अंडी गावकुत्री शोधून काढतात.

थोडक्यात काय, बंदूक थांबली, पण पक्ष्याचं घर गेलं. आणि कायद्याच्या पुस्तकात ‘घर घेणं’ ही शिकार नाही.

आता या गोष्टीतल्या दुसऱ्या पात्राकडे येऊ. फासेपारधी.

ऐकलं की आपल्या डोक्यात पहिला शब्द कोणता येतो, ते प्रामाणिकपणे आठवा. तो शब्द इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने आपल्या डोक्यात घातला. जन्मानेच गुन्हेगार, अशी अख्ख्या जमातींची यादी. कायदा 1952 मध्ये गेला, 31 ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात, पण यादी पोलिस ठाण्यांच्या आणि आपल्याही मनात राहिली. खरं तर फासेपारधी म्हणजे फासे लावणारा. तितर, बटेर, ससा, हरिण. गाईच्या आडोशाने सरकत जायचं, पक्ष्याचा हुबेहूब आवाज काढायचा आणि त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर फास मांडायचा. बंदूक नाही, काडतूस नाही. लागते ती फक्त माहिती. कोणता पक्षी कुठल्या गवतात, किती वाजता, कुठल्या वाऱ्याला.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला होता. त्यांना दिसलं की पारधी, नंदीवाले आणि वैदू एकाच भागात फिरायचे, पण शिकार वाटून घेतल्यासारखी. पारध्याची हरणं आणि पक्षी, नंदीवाल्याची साळिंदर-घोरपड, वैद्याची मुंगसासारखी छोटी जनावरं. आणि पारध्यांची एक रीत त्यांनी नोंदवली. फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडलं तर सोडून द्यायचं. टेनेसीचं सरकार जे तारखा बदलून करतंय, ते इथे कोणत्याही गॅझेटशिवाय चालू होतं.

कारंज्याच्या बाजूला एका तांड्यावर मला एक म्हातारेबाबा भेटले. त्यांच्यात ते जी पारधी बोली बोलतात ती गुजरातीच्या जवळची, पण माझ्याशी बोलताना ठसठशीत वऱ्हाडी. मी विचारलं, ‘बाबा, तितराचा आवाज येतो का अजून?’

‘येते ना भाऊ. जाईन कुठी?’ म्हणाले, आणि तोंडावर हात धरून त्यांनी तो काढला. समोरच्या धुऱ्याकडून खरंच उत्तर आलं. मी बघतच राहिलो. शेजारी त्यांचा दहा-अकरा वर्षांचा नातू मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

‘याला शिकवलं का?’

‘याले? याले मोबाइलमधला तितर येते.’ बाबा हसले. मग हसू थांबलं. ‘शिकवू कायले भाऊ? आमच्या बापानं आमाले शिकवलं, तवा ते पोटाचं काम होतं. पिल्लावाली तितरी धरली त माय हातावर मारे. सोड म्हने, पुढच्या सालाले काय खाशीन? आता मी याले वाट दाखवाले माळावर नेलं, अन् कोनी पायलं, त केस कोनावर? दोघाईवर.’

या शेवटच्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायदा चुकीचा आहे, असं मी म्हणत नाही. सातशे पक्षी उरले असताना सीझन उघडा म्हणणारा माणूस एकतर वेडा असेल किंवा हॉटेलवाला. पण आपण शिकार बंद करताना एक गोष्ट विसरलो. फासा काढून घेतला, त्या हातात दुसरं काही दिलं नाही. अमेरिकेतला शिकारी लायसन्सवाला नागरिक आहे, मीटिंगला बोलावला जातो, मुलाला सोबत आणतो. आपला शिकारी आरोपी आहे. पक्ष्याबद्दल ज्याला सगळ्यात जास्त कळतं, त्यालाच आपण पक्ष्याच्या मीटिंगमधून बाहेर ठेवलं.

सगळ्यांनी नाही ठेवलं, हे महत्त्वाचं. अकोला-वाशीम पट्ट्यात कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांची ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊन बरीच वर्षं काम करतायत. या भागात तणमोर कुठे उतरतो, हे शोधण्यात याच लोकांची नजर कामी आली. वडाळ्यासारख्या ठिकाणी पारधी कुटुंबांनी गवताळ जमीन राखायला घेतली. काम ऐकायला सोपं वाटतं. चराई आळीपाळीने, गवताचं बी पडेपर्यंत कापणी नाही, विणीच्या काळात माळावर गडबड नाही. करून बघा म्हणजे कळेल! गावातल्या प्रत्येक गुराख्याशी बोलावं लागतं. पण ज्याने आयुष्यभर माळ वाचलाय, त्याच्यासाठी हे नवं काम नाही, जुन्या कामाची दुसरी बाजू आहे.

आणि पोरं? त्यासाठी अमरावती जिल्ह्यात या. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं मंगरूळ चव्हाळा. मतीन भोसले हे स्वतः फासेपारधी, जिल्हा परिषदेत शिक्षक होते. नोकरी सोडली आणि स्टेशनांवर, सिग्नलवर भीक मागणाऱ्या पारधी पोरांना गोळा करून 2012 मध्ये शाळा काढली. नाव ठेवलं ‘प्रश्नचिन्ह’. शाळेला यापेक्षा खरं नाव मी तरी ऐकलेलं नाही. पुढे समृद्धी महामार्गाची आखणी नेमकी या शाळेच्या जागेवरून गेली आणि लायब्ररीसकट काही बांधकाम पाडावं लागलं. तुम्ही-आम्ही आज त्या रस्त्याने एकशे वीसच्या स्पीडने नागपूरहून मुंबईकडे सुसाट निघतो, तेव्हा एका शाळेच्या पुस्तकांच्या जागेवरून जात असतो.

मला प्रश्न पडतो तो इथे. पारध्याचं पोर शाळेत जायलाच हवं, त्यात चर्चा नाही. इंजिनिअर होऊ दे, तहसीलदार होऊ दे, तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसू दे. पण शाळेची किंमत म्हणून त्याला आजोबांचं सगळं ज्ञान दारात ठेवून यावं लागणार का? तितराला उत्तर द्यायला लावणारा आवाज, गवत वाकलंय ते वाऱ्याने की कुणाच्या पावलाने हे ओळखणारा डोळा, हे आणखी एका पिढीत गेलं तर परत कुठून आणणार? पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांना फील्डवर माणूस लागतो, वनखात्याला ट्रॅकर लागतो, गणनेला डोळे लागतात. आजोबांनी नातवाला माळावर न्यायला हवं, फासा घरी ठेवून, आणि त्या दिवसाचा दोघांना पगार मिळायला हवा. रोजगार हमीतून रोपांचे खड्डे खणायला पैसे मिळतात, मग गवत राखायला का नकोत?

आता तुमच्या-माझ्यापुरतं. आपण पुण्यात, मुंबईत, नागपुरात बसून काय करणार? तीन गोष्टी सांगतो, तिन्ही या वीकएण्डलाही जमतील.

पहिली, ताटाची. हायवेवरच्या ढाब्यात कोणी कानाशी येऊन ‘साहेब, जंगलवाला तितर है’ म्हणाला, की उठायचं. पाळलेली जपानी बटेर कायदेशीर मिळते, ती खुशाल खा. रानातला पक्षी पकडणं आणि विकणं गुन्हा आहे. आणि लक्षात घ्या, या धंद्यात पकडला जातो तो नेहमी माळावरचा माणूस, टिश्यूने हात पुसणारा गिऱ्हाईक कधीच नाही. आपली ऑर्डर बंद झाली, तर त्याच्यावरची केसही कमी होईल.

दुसरी, झाडांची. तुमच्या कंपनीचा सीएसआर पावसाळ्यात कुठल्यातरी उघड्या माळावर झाडं लावायला निघाला असेल, तर टी-शर्ट अंगात घालण्याआधी एकच प्रश्न विचारा. इथे आधी काय होतं? गवत असेल, तर ती जागा रिकामी नाही. एचआरवाले तोंडाकडे बघतील. बघू देत.

तिसरी, कॅमेऱ्याची. तणमोराची उडी रीलवर भयंकर व्हायरल होईल, माहितीय. म्हणूनच जुलै ते सप्टेंबर त्याच्या माळावर गाड्या घेऊन जाऊ नका. विणीच्या काळात लेन्सही त्याला त्रासच देते. पक्षी बघायचेच असतील, तर हिवाळ्यात अकोल्याचा कापशी तलाव आहे, अमरावतीचा छत्री तलाव आहे. तिथे बघा. आणि कधी माळावर गेलातच, तर स्थानिक पारधी माणसाला गाइड म्हणून घ्या आणि त्याला शहरातल्या गाइडइतकेच पैसे द्या. घासाघीस करू नका. वीस वर्षांचा एक्स्पीरिअन्स असलेल्या कन्सल्टंटशी आपण घासाघीस करतो का?

पुढचा पाऊस लागेल तेव्हा सातशेपेक्षाही कमी असलेले हे पक्षी कुठेतरी उडी मारत असतील. कारंज्याकडच्या त्या दहा-अकरा वर्षांच्या पोराचं वय तोवर एकाने वाढलेलं असेल. मोबाइल खाली ठेवून आजोबांच्या मागे माळावर जायचं हेच वय आहे. त्याला कोणी विचारेल का?